ऑइल बदलताना इंजिन किती गरम असावं?

साताऱ्याच्या घरी पोहोचून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट चढून आलेली वडिलांची गाडी अंगणात उभी होती आणि बॉनेटखालून तापलेल्या पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती. ऑइल गरम असतानाच काढायचं असतं, हे मी ऐकलेलं होतं. म्हणून वेळ न घालवता गाडीखाली सरकलो, चेंबरच्या नटाला पाना लावला, आणि शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवायला गेलो. काळी धार नटाच्या कडेने आली ती थेट मनगटावरून बाहीत शिरली. हात झटकला तरी काही उपयोग झाला नाही. पाणी ओघळून जातं, ऑइल कातडीला धरून बसतं. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा डाग आजही आहे.

मी ऐकलं होतं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. गरम म्हणजे किती गरम, आणि का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेच इथे सांगायचं आहे.

## आधी उत्तर

ऑइल ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना काढावं. म्हणजे गाडी थोडी चालवून आणायची, ऑइल इंजिनभर फिरू द्यायचं, मग गाडी बंद करून थोडं थांबायचं आणि चेंबरचा नट उघड्या हाताने धरवतो की नाही ते बघून कामाला लागायचं. मारुती सुझुकीच्या मालक-पुस्तिकेतही सूचना अशीच आहे: ऑइल बोटं भाजण्याइतकं गरम असू शकतं, तेव्हा नट उघड्या हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबा. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल, हाताची ही खूण लक्षात ठेवा.

## दाटपणा आणि वेळ यांचा सौदा

ऑइल गरम केलं की पातळ होतं, हे फोडणीचं तेल पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते सगळ्या तापमानांत सारख्या वेगाने पातळ होत नाही, आणि इथेच या विषयाची गुरुकिल्ली आहे.

बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत चालणारं ५डब्ल्यू-३० घेऊ. डब्यावरचा ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. पाठ्यपुस्तकात या दाटपणाला श्यानता म्हणतात, आणि ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. खोलीच्या तापमानाला पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते. सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० ऑइलची १० अंशांना सुमारे ३००, ३० अंशांना सुमारे १००, ४० ला ६५च्या आसपास, ६० ला ३०च्या आसपास आणि ९० अंशांना १३च्या आसपास भरते. कंपनीगणिक हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण उतार असाच राहतो.

हा उतार नीट पाहा. १० वरून ६० अंशांपर्यंत आलो तर दाटपणा दहावा हिस्सा उरतो. ६० वरून ९० वर गेलो तर तो निम्म्यापेक्षा थोडा कमी होतो, एवढंच. म्हणजे जी काही मोठी कमाई आहे ती पहिल्या टप्प्यात होऊन गेलेली असते. पुढच्या तीस अंशांत हाती थोडं लागतं आणि हात भाजण्याची भीती मात्र झपाट्याने वाढते.

आता दुसरी गोष्ट. इंजिनाच्या आतल्या भिंतींवर, हेडमध्ये, क्रँकच्या आसपास जो ऑइलचा थर चिकटलेला असतो तो खाली निथळायला वेळ घेतो. थर किती उरेल हे दोन गोष्टींवर ठरतं: ऑइल किती दाट आहे, आणि त्याला निथळायला किती वेळ दिला. दाटपणा निम्मा केला काय किंवा वेळ दुप्पट दिला काय, थर सारखाच पातळ होतो. म्हणून ६० अंशांना दहा मिनिटांत जे निथळतं, ते ३० अंशांना अर्ध्या तासात निथळेल आणि १० अंशांना पावणेदोन तास घेईल. उलट ९० अंशांना तेच काम चार-साडेचार मिनिटांत उरकेल.

तेव्हा इंजिन गरम करून आपण वेळ वाचवतो. ६० ऐवजी ९० अंशांवर काम केलं तर वाचतात पाच-सहा मिनिटं. रविवारी सकाळी घरच्या अंगणात गाडीखाली झोपलेल्या माणसाला ती पाच-सहा मिनिटं जड नसतात. गॅरेजमध्ये दिवसाला दहा गाड्या करणाऱ्या मेकॅनिकला असतात, म्हणून तो आलेल्या गाडीचा नट लगेच खोलतो. त्याच्याकडे लिफ्ट असते, लांब दांड्याचा पाना असतो आणि वर्षानुवर्षांचा सराव असतो. त्याचं पाहून आपण जमिनीवर झोपून तसंच करायला जाऊ नये.

## उकळत्या ऑइलाचा धोका

हमरस्त्यावर तासभर पळून आलेल्या गाडीतलं ऑइल ९० ते ११० अंशांच्या घरात असतं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं, ७० अंशांचं पाणी सेकंदाभरात. ऑइलमध्ये तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या निम्मीच उष्णता मावते हे खरं, पण ते चिकटतं, कपड्यात शिरतं आणि पुसायला गेलं की पसरतं. ९० अंशांची धार हातावर आली तर शहाणपण सुचायला वेळच मिळत नाही. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावू नका.

ऑइलइतकंच जवळचं दुसरं संकट म्हणजे सायलेन्सरचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अनेक गाड्यांत तो चेंबरच्या अगदी शेजारून जातो, आणि चालू गाडीत त्याचं तापमान काही शे अंश असतं. ऑइल फिल्टर काढताना कोपर नेमकं त्यालाच लागतं.

तिसरं नुकसान गाडीचं होतं, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नट चटका देत असला की माणूस तो बोटांनी बसवत नाही, पहिल्या आट्यापासून पान्यानेच फिरवतो. मग आटे तिरके चढतात. आजच्या बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं आणि नट लोखंडी. या दोघांच्या भांडणात आटे नेहमी ॲल्युमिनियमचे जातात. नव्या चेंबरचा खर्च ऑइलच्या डब्याच्या कितीतरी पट असतो. निवलेला नट बोटांनी तीन-चार फेरे सहज आत जातो, आणि जात नसेल तर लगेच कळतं की तो वाकडा लागलाय.

## थंड ऑइलवाल्यांचं म्हणणं

काही अनुभवी लोक सांगतात, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करताच ऑइल काढा. रात्रभरात वरचं सगळं खाली चेंबरमध्ये आलेलं असतं आणि भाजायची भीती नाही. यात तथ्य आहे. वर सांगितलेला हिशेबच त्यांच्या बाजूने बोलतो: ऑइल दाट असलं तरी त्याला आठ-दहा तास मिळालेले असतात, त्यामुळे हेडमधला थर खरोखरच बराच निथळतो. राहतो तो चेंबरच्या तळाचा आणि कोपऱ्यांचा थर. नट काढल्यावर त्याला निघायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारी माणसं कमी.

गरमवाल्यांचा त्यावर आक्षेप असा, की रात्रभरात गाळ तळाशी बसतो आणि ऑइल गेलं तरी तो तिथेच राहतो. जुन्या काळी हे बरंचसं खरं होतं. आजच्या ऑइलमध्ये काजळीचे बारीक कण धरून ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि तळाला बसूही देत नाहीत, म्हणून एका रात्रीत फार काही बिघडत नाही. पण महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या तळाशी पाणी आणि धातूचा बारीक चुरा साचू शकतो. अशी गाडी आधी चालवून आणलीच पाहिजे.

या दोन्हींपेक्षा वाईट पद्धत मात्र सर्रास चालते. सकाळी थंड गाडी सुरू करायची, मिनिटभर चालू ठेवायची, बंद करायची आणि नट खोलायचा. त्या मिनिटात पंप ऑइल वर हेडपर्यंत पोहोचवतो, पण ते गरम होत नाही. रात्रभरात खाली आलेलं सगळं पुन्हा वर जाऊन भिंतींना चिकटतं, तेही दाट अवस्थेत. रात्रीचा फायदा गेला आणि उष्णतेचा मिळाला नाही. एक तर सुरूच करू नका, नाहीतर नीट फिरवून आणा.

## काटा, निळा दिवा आणि हात

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा ऑइलबद्दल काही सांगत नाही. तो इंजिनाच्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा असतो. कूलंट आधी तापतं, ऑइल मागून येतं. काटा मध्यावर स्थिरावला तेव्हा ऑइल अजून बरंच मागे असतं. नव्या लहान गाड्यांत तर काटाच नसतो, थंड इंजिनाला एक निळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो.

आपल्या कामाला हे मागे राहणं सोयीचं आहे. निळा दिवा विझल्यावर आणखी तीन-चार किलोमीटर साध्या वेगाने गाडी फिरवली की ऑइल चांगलं कोमट होऊन सगळीकडे फिरलेलं असतं. मग गाडी सपाट जागी लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात घमेलं, पाना, नवा वॉशर, फिल्टर, चिंध्या काढून ठेवता येतात. लांबच्या प्रवासातून आला असाल तर जेवण करून या. माझ्या गाडीला अशा वेळी तासभर लागतो, वारा असला तर कमी.

उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून ऑइल तापवू नका. त्याला फार वेळ लागतो, पेट्रोल जळतं आणि बंद गॅरेजात विषारी धूर कोंडतो. गाडी चालवणं केव्हाही बरं.

हौशी माणसांकडे हल्ली लाल ठिपका टाकून तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी थर्मामीटर असतात. चेंबर काळ्या रंगाचं असेल तर ते बऱ्यापैकी खरं सांगतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर मात्र आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो, कारण चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही. तिथे चेंबरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. यंत्र नसेल तर हाताची पाठ आधी जवळ न्यायची, मग टेकवायची. तीन-चार सेकंद हात टेकवून ठेवता आला, तर काम सुरू करायला हरकत नाही.

## निफाड आणि नागपूर

पाश्चात्त्य देशांतल्या सूचना वाचून लोक गोंधळतात, कारण तिथे थंड इंजिन म्हणजे गोठणबिंदूच्या आसपासचं इंजिन असतं. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीतलं ऑइल इंजिन सुरू न करताच चाळिशीला पोहोचलेलं असतं. तिथे फक्त ऑइल ढवळून निघावं म्हणून एक छोटी चक्कर पुरते, आणि नंतर निवायला जास्त वेळ द्यावा लागतो. निफाडला जानेवारीच्या पहाटे एक आकडी तापमानात मात्र थंड ऑइल काढायचा हट्ट धरला तर धार काकवीसारखी येईल. तिथे चांगली पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवूनच आणावी.

पावसाळ्यातलं मुंबई-कोकण हे वेगळं प्रकरण. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. बहुतेक धुरांड्यातून निघून जातं, थोडं पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. घर ते स्टेशन अशी दोन किलोमीटर चालणारी गाडी कधी नीट तापतच नाही, मग ते पाणी उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसायला लागते. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वेळेवर बदलावं, आणि बदलण्याआधी तिला नेहमीपेक्षा लांब फिरवून आणावं.

## नट खोलल्यावर

गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. स्टँड लावायचे, मागच्या चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवायचं, म्हणजे हवा आत जाते आणि धार अडखळत नाही. हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत. वापरलेलं ऑइल पुन्हा पुन्हा लावल्याने प्रयोगातल्या उंदरांना कातडीचा कर्करोग झालेला आहे, तेव्हा ते अंगाला लागू न देणंच बरं.

नट पान्याने सैल झाला की पुढे तो बोटांनी फिरवताना आत दाबून धरायचा. शेवटचा आटा सुटेपर्यंत दाब सोडायचा नाही, आणि सुटताच नट झटकन बाजूला, धारेच्या वाटेतून दूर ओढायचा. हात नटाच्या खाली नको, बाजूला हवा. हे मला आधी माहीत असतं तर मनगट वाचलं असतं.

धार पाहण्यासारखी असते. पहिल्या क्षणी ती सरळ खाली न पडता पुढे कमान घेते, म्हणून घमेलं थोडं पुढे सरकवून ठेवावं लागतं. मिनिटाभरात कमान मोडते आणि धार सरळ खाली येते. मग ती करंगळीएवढी, मग सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी होते, आणि हा दोरा सूर्यप्रकाशात काळ्याऐवजी तपकिरी दिसतो. मग दोरा तुटतो आणि थेंब पडायला लागतात. बहुतेक लोक इथे नट लावतात. मी फिल्टर बदलायला घेतो, कारण तेवढ्यात थेंबांमधलं अंतर वाढत जातं. दोन थेंबांमध्ये आठ-दहा सेकंद जायला लागले की पुरे.

त्यापुढेही आत थोडं ऑइल राहतंच, नळ्यांमध्ये, पंपात, कोपऱ्यांत. साडेतीन लिटरच्या इंजिनात पन्नास मिलिलिटर जास्त राहिलं तर नव्या ऑइलमध्ये दीड टक्का जुनं मिसळलं, इतकाच त्याचा अर्थ. त्यासाठी कोणी उकळतं ऑइल अंगावर घेऊ नये. वेळच्या वेळी ऑइल बदलणाऱ्या गाडीला या दीड टक्क्याने काही होत नाही.

नटाचा वॉशर नवाच घालावा. तो तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, मऊ धातूचा असतो, दाबला जाऊन गळती थांबवतो आणि एकदा दाबला की पुन्हा तसा दाबला जात नाही. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावायचं, फिल्टर हाताने टेकेपर्यंत बसवायचा आणि मग साधारण पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे नक्की बघायचं. एकावर एक दोन रबरं बसली तर गाडी सुरू होताच सगळं ऑइल रस्त्यावर येतं.

## डिझेल, सीएनजी, दुचाकी

डिझेलचं ऑइल काजळीमुळे शंभरेक किलोमीटरमध्येच काळं होतं, त्याने घाबरू नये. पण ही काजळी ढवळलेली असताना काढणं हिताचं, म्हणून डिझेलला चक्कर मारून आणणं पेट्रोलपेक्षाही जास्त महत्त्वाचं. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, त्यामुळे रंगावरून निर्णय घेणं तिथे फसवं ठरतं. दुचाकीत ऑइल लिटरभराच्या आसपासच, इंजिन हवेने थंड होणारं, म्हणून ते लवकर तापतं आणि लवकर निवतं: दोन-तीन किलोमीटर, मग दहा मिनिटं, बस.

## पातळी बघताना

ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. साडेतीन लिटर ऑइल ३० अंशांना मोजलं आणि पुन्हा ९० अंशांना मोजलं तर जवळजवळ दीडशे मिलिलिटरचा फरक पडतो. डिपस्टिकवर तो डोळ्यांना दिसतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल पूर्ण एकदम ओतू नका, थोडं हातचं राखा. इंजिन दोन मिनिटं चालवा, म्हणजे नवा फिल्टर भरेल. नटाखाली आणि फिल्टरखाली टॉर्च टाकून थेंब बघा. मग बंद करून सपाट जमिनीवर पाच-दहा मिनिटं थांबून पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा.

## काळं ऑइल कुठे टाकायचं

आपल्याकडे हे ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर थेट गटारात ओततात. त्यातले जड धातू आणि जळके घटक पावसाबरोबर जमिनीत उतरतात आणि विहिरीपर्यंत जातात. कायद्यानेही वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरही टाकलेली आहे. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच जुनं भरावं, झाकण घट्ट लावावं आणि ज्या गॅरेजमध्ये काळं ऑइल पिंपात साठवून अधिकृत संकलकाला देतात तिथे नेऊन द्यावं. त्यात कूलंट, पेट्रोल किंवा पाणी मिसळू देऊ नका. मिसळलं की ते शुद्ध करणं अवघड होतं. आणि डबा भरण्याआधी ऑइल पूर्ण निवू द्या, कारण पातळ प्लास्टिकचा डबा गरम ऑइलाने वाकतो आणि उचलताना मानेपाशी फुटतो.